आगोटीआधीचं शेवटचं उधाण

वैशाख लागला की अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर भेटणारा माणूस तब्येत विचारायच्या आधी विचारतो, "बोट कधी ओढणार?" बाहेरच्या माणसाला हा प्रश्न साधा वाटतो. सरकारने तारीख दिलेली आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. महाराष्ट्रात १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली दरवर्षी तसा आदेश निघतो. मग ३१ मेला बोट किनाऱ्याला लावायची, यात ठरवायचं ते काय?

मी लग्न करून या घरात आले तेव्हा मलाही तसंच वाटायचं. आज घरच्या बोटीचा जमाखर्च माझ्या हातात आहे आणि इतके हंगाम पाहिल्यावर मला एवढं पक्कं कळलंय, की ३१ मे ही कायद्याची शेवटची हद्द आहे, समुद्राची नाही. हंगाम कधी संपवायचा, ते प्रत्येक घराला आपापलं ठरवावं लागतं. वर्षातला सगळ्यात अवघड निर्णय तोच.

तो अवघड का, हे समजण्यासाठी आमची मासेमारी कशी चालते ते थोडं सांगते. वसई, पाचूबंदर, अर्नाळा या पट्ट्यात डोल जाळं जुनं. हे जाळं समुद्रात एका जागी बांधलेलं असतं. पाण्याच्या ओढीने त्याचं तोंड फुगतं आणि ओढीबरोबर आलेले बोंबील, जवळा, करंदी, मांदेली त्यात शिरतात. म्हणजे पाण्याला जितकी ओढ, तितकी मासळी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओढ मोठी. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी मंद आणि कमाईही मंद. आमचा महिना इंग्रजी तारखांवर चालत नाही, दोन उधाणांवर चालतो.

खरी अडचण पुढे आहे. बोट किनाऱ्यावर वर ओढायची तर तीही उधाणाच्या भरतीलाच. भांगाचं पाणी एवढं वर येतच नाही. म्हणजे जे दिवस सर्वात जास्त मासळीचे, तेच बोट ओढायचे. मेमध्ये एक उधाण सोडलं, की पुढची संधी दोन आठवड्यांनी, आणि त्या दोन आठवड्यांत समुद्र काय करील हे कोणाच्या हाती नाही.

२०२५ च्या मे महिन्यात हा पेच आमच्यापुढे फार कठोरपणे उभा राहिला.

मेच्या पहिल्या आठवड्यातच, ६ तारखेच्या सुमारास, पालघर जिल्ह्यात वादळी वारा आणि पाऊस आला. आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, सुकवायला टाकलेली मासळी उघड्यावर होती. वाळवायच्या दांड्यांवर, म्हणजे वलांडीवर, बोंबील, खाली पसरलेला जवळा. आम्ही बायका ताडपत्र्या घेऊन धावलो, पण वाऱ्यापुढे ताडपत्री टिकेना. भिजलेला जवळा काळा पडला, बोंबलाला वास आला. माणसाने खायचा माल खताच्या भावाने द्यावा लागला. आगोटीचा सुका बाजार म्हणजे आमच्या घरातल्या बायकांची वर्षाची कमाई. मुलांच्या फिया आणि पावसाळ्याचं वाणसामान त्यातूनच निघतं. त्या वर्षी ती कमाई हंगाम संपायच्या आधीच गेली.

म्हणून घरात सगळ्यांना वाटत होतं, की झालेलं नुकसान शेवटच्या उधाणांवर भरून काढू. १२ मेला वैशाखी पौर्णिमा होती आणि २७ मेच्या सुमारास अमावास्या. बंदीच्या आधीची ही दोनच उधाणं उरली होती. बंदी तोंडावर आली की बाजारात मासळीला भावही चांगला येतो.

१० मेला हवामान खात्याने जाहीर केलं, की मोसमी पाऊस केरळात २७ मेपर्यंत येईल. एरवी त्याची केरळातली तारीख १ जून आणि मुंबईची ११ जून. त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर सगळे बसलो. सासरे, माझा नवरा, मुलगा, आमचे खलाशी आणि मी.

मुलगा मोबाइलवर वाऱ्याचे नकाशे पाहतो, हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज पाहतो. सासरे आयुष्यभर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, होते; ते पाणी पाहतात. पण त्या दिवशी दोघांचं एकच म्हणणं होतं. सासरे म्हणाले, "पहाटेचा मतलय पडलाय. सकाळपासूनच खालचा वारा लागतो. आणि लाट लांब झाली." चांगल्या दिवसांत रात्री-पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. ही अदलाबदल थांबली आणि दिवसभर नैर्ऋत्येचा, म्हणजे खालचा, वारा राहू लागला, की पावसाळा जवळ आला. दूरवर खवळलेल्या समुद्राची लांब लाट वाऱ्याच्या आधी किनाऱ्याला पोहोचते. मुलाच्या नकाशातही तेच दिसत होतं.

अंदाजावर वाद नव्हता, वाद पैशांवर होता. मुलाचं म्हणणं, "आई, इंजिनाच्या कर्जाचा हप्ता आहे. सुकं गेलंच आहे. अमावास्येचं उधाण केलं तर हप्ता निघेल. वारा वाढला तर जाणारच नाही आपण." त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. किनाऱ्यावरची कितीतरी घरं तोच हिशेब करत होती, आणि ती सगळी माणसं समुद्र जाणणारी होती.

मी वही उघडली. एका उधाणात काय येऊ शकतं ते एका बाजूला लिहिलं. त्यातून डिझेल, बर्फ, शिधा, खलाशांचा वाटा वजा केला. दुसऱ्या बाजूला लिहिलं, समुद्रात काय आहे. जाळी, दोर, बोया, शिवाय बोट आणि बोटीवरची माणसं. मग मी मुलाला म्हटलं, "बाळा, उधाण गेलं तर एक हप्ता मागे पडेल. जाळी गेली तर पुढचा हंगाम गेला. आणि माणूस गेला तर वहीत लिहायला काही उरत नाही."

नवऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. आमची भीती भर समुद्रापेक्षा खाडीच्या तोंडाशी जास्त. वैतरणेचं पाणी जिथे समुद्राला मिळतं, तिथे वाळूचे उथळ पट्टे आहेत. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून मोठी लाट आली, की ती उभी राहून फुटते. घर समोर दिसत असतं आणि बोट आत घेता येत नाही. "वारा वाढला तर जाणार नाही, हे खरं. पण गेल्यावर वाढला तर?" या प्रश्नावर मुलगा गप्प झाला.

खलाशांचंही एक घड्याळ असतं. आमचे खलाशी तलासरीकडचे. त्यांची घरची शेती आहे, पाऊस पडायच्या आत भाताच्या राबाची तयारी करायची असते. लवकर पाऊस म्हणजे त्यांची पेरणीही लवकर. हंगाम लांबवताना बोटीचा मालक, नाखवा, खलाशाच्या शेताचाही वेळ घेत असतो, हे आम्ही बोलताना फार क्वचित मोजतो.

त्या रात्री ठरलं, पौर्णिमेच्या उधाणालाच बोट ओढायची. म्हणजे त्या उधाणाची निम्मी मासळी आणि अमावास्येची सगळी सोडायची.

दुसऱ्या दिवसापासून जाळी काढायला सुरुवात झाली. जाळं काढणं एका फेरीत होत नाही. पाणी थांबतं त्या थोड्या वेळात दोर सोडवायचे, बोया गोळा करायच्या, ओलं जड जाळं बोटीत घ्यायचं. शेवटच्या जाळ्यांत आलेल्या काही मासळीच्या पोटात गाबोळी भरू लागली होती. सासऱ्यांनी ती मला दाखवली आणि म्हणाले, "हिलाही आता वेळ दे." बंदीमागे माणसाचा जीव आहे तसा मासळीचा वंशही आहे, हे आमच्या जुन्या माणसांना कायद्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी भरती सर्वात मोठी होती. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे पूर्ण भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास आणि तशीच मध्यरात्री येते. भर उन्हात बोट किनाऱ्याला लावली. खाली लाकडाचे ओंडके टाकले, दोर बांधले. शेजारची माणसं न बोलावता आली, कारण उद्या त्यांची बोट ओढायला आम्हीच जाणार. पूर्वी ही ओढ नुसत्या माणसांच्या खांद्यांवर व्हायची, आता मदतीला यंत्र असतं. तरी पाणी, दोर आणि माणसं एका क्षणी जुळावी लागतात. बोट कोरड्या वाळूवर आली तेव्हा माझ्या नवऱ्याने नाळेला हात लावून नमस्कार केला.

मग तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडणं, इंजिन सोडवणं, मासळीचा कप्पा धुणं आणि शेवटी बोट शाकारणं. आधी झापांनी शाकारत, आता प्लास्टिकने. खलाशांचा हिशेब केला आणि ते गावी गेले.

त्यानंतर जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. २० मेनंतर पाऊस सुरू झाला. कोकणासमोर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, आणि ते २४ मेला रत्नागिरीजवळ किनारा ओलांडून गेलं. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात आला आणि २६ मेला मुंबईत. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद आधी नव्हती. कुलाब्याने मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असे इशारे लागले. कायद्याने समुद्र अजून खुला होता, पण ज्या अमावास्येच्या उधाणाची सगळे वाट पाहत होते, ते उधाण कोणालाच मिळालं नाही. ज्यांच्या बोटी खाली राहिल्या, त्यांना त्या पावसात आणि उसळत्या पाण्यात ओढाव्या लागल्या. त्यांच्या मदतीला आमच्या घरचेही गेले.

लोक म्हणाले, "तुमचा अंदाज बरोबर आला." मला ते पटत नाही. समजा, पाऊस नेहमीसारखा ११ जूनला आला असता आणि अमावास्येला शेजाऱ्यांना भरपूर मासळी मिळाली असती. तरीही आमचा निर्णय बरोबरच ठरला असता. त्या संध्याकाळी जी माहिती हातात होती, त्यावर आम्ही परवडणारं नुकसान पत्करलं आणि न परवडणारं टाळलं. एका वर्षाच्या नशिबावर निर्णय तोलू लागलो, तर पुढच्या वर्षी आपण नशिबाचाच भरवसा धरू.

आणि मे महिन्याचा भरवसा आता उरलेला नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईसमोरून गुजरातकडे गेलं. त्यात पी-३०५ हा बार्ज बुडाला आणि ७० हून अधिक माणसं गेली. भरकटलेला दुसरा एक बार्ज आपल्या पालघरच्या किनाऱ्याशी येऊन अडकला, तिथून १३७ जणांना वाचवावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी मे संपताच, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. अरबी समुद्र तापतो आहे आणि मे महिना पूर्वीसारखा शांत राहिलेला नाही.

हंगाम कधी संपवायचा हा पेच इतरत्रही असतो. माझी भाची टोरांटोला असते. तिच्याकडे शिडाच्या नौकांचा हंगाम थंडी संपवते. ऑन्टॅरिओ तलावातल्या नौका ऑक्टोबरच्या आसपास क्रेनने बाहेर काढतात. इंजिनात पाणी राहिलं तर ते गोठून फुगतं आणि लोखंड फोडतं, म्हणून ते काढून न गोठणारं द्रव भरतात. तिथेही माणसं म्हणतात, अजून एक उबदार रविवार मिळाला असता. फरक एवढाच, की तिथे तो रविवार हौसेचा असतो आणि इथे शेवटचं उधाण पोटाचं. म्हणून आमच्या माणसाला "थांब" म्हणणं सोपं नाही, आणि नुसत्या इशाऱ्यांनी ते सोपं होणारही नाही.

त्यासाठी शासनाला माझी विनंती आहे. बंदीच्या आधी हवामानामुळे समुद्र बंद झाला, तर त्या दिवसांचा आणि भिजलेल्या सुक्या मासळीचा विचार नुकसानभरपाईत व्हावा. शेतकऱ्याच्या उभ्या पिकासारखीच वलांडीवरची मासळी हे आमचं पीक आहे. बंदी कधी संपते तेही पाहावं. पूर्वी राज्यातली बंदी नारळी पौर्णिमेशी जोडलेली होती. २०२५ मध्ये ती पौर्णिमा ८ ऑगस्टला होती, तर समुद्र १ ऑगस्टलाच खुला झाला. बंदी १५ ऑगस्टपर्यंत असावी, ही मच्छीमार संघटनांची मागणी जुनी आहे आणि ती रास्त आहे.

मासळी खाणाऱ्यांनीही साथ द्यावी. जून-जुलैत ताज्या पापलेटचा हट्ट धरू नका, सुकं खा. हाताच्या पंजात मावणारं पिल्लू पापलेट कोणत्याही महिन्यात घेऊ नका. आपल्या राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीला किमान आकार ठरवून दिला आहे आणि पापलेटला राज्य माशाचा मान दिला आहे. तो मान बाजारातच राखला जाईल, नाहीतर तिथेच गमावला जाईल.

आणि आमच्या किनाऱ्यावरच्या तरुण तांडेलांना एवढंच सांगते. बोट कधी ओढायची हे उधाण आल्यावर ठरवू नका, तेव्हा मासळी डोळ्यांपुढे असते. वैशाखी पौर्णिमेच्या आधीच्या भांगात, पाणी मंद आणि डोकं शांत असताना, घरातल्या बायकांना आणि खलाशांना शेजारी बसवून ठरवा. आणि एकदा ठरवलंत, की मासळीकडे पाहून ते बदलू नका.