नाव एमपी थ्री, आत भलतंच!

शनिवार सकाळ. बाहेर धो धो पाऊस, हातात आईच्या हातचा चहा आणि समोर बाबांचा लॅपटॉप. म्हणजे खरं तर माझाच जुना मॅक. मी नवीन घेतला आणि हा साताऱ्याला रवाना केला, कारण बाबांच्या २००७ सालच्या कॉम्प्युटरने एकदाची मान टाकली होती. हार्ड डिस्क मात्र वाचली. तिच्यातलं ‘गाणी’ नावाचं फोल्डर मी उचललं, म्युझिक लायब्ररीवर नेऊन सोडलं आणि ऐटीत म्हटलं, ‘झालं बाबा, पाच मिनिटांचं काम!’

बाबा रिटायर्ड बँकवाले. मेळ बसल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, ही ३५ वर्षांची सवय. त्यांनी वही काढली. ‘फोल्डरमध्ये ११६४ आहेत. इथे ११२३ दिसतायत. ४१ कमी.’

मी पुन्हा ड्रॅग केलं. काहीच नाही. ना एरर, ना साधा बीप. जे झेपत नाही ते सॉफ्टवेअर चुपचाप बाजूला ठेवतं आणि आपण काही केलंच नाही असा चेहरा करून बसतं. अरे बॉस, निदान ‘नाही जमत’ एवढं तरी सांग!

‘जाऊ द्या ना बाबा. ४१ गाण्यांनी काय होतं? यूट्यूबवर मिळतं सगळं.’

‘ती यूट्यूबवर नाहीत,’ एवढंच म्हणून बाबा पेपर घेऊन गॅलरीत गेले.

आता ते रागावले असते तर परवडलं असतं. मी चहा संपवला आणि कामाला लागले. पहिला नियम : काहीही दुरुस्त करण्याआधी अख्ख्या फोल्डरची कॉपी. दुसरा नियम : रुसलेल्या फायली वेगळ्या काढायच्या आणि त्यांचे गट पाडायचे. पाहते तर ४१ फायलींच्या तीन तऱ्हा!

पहिल्या ९ फायलींची साइज शून्य केबी. कधीतरी कॉपी करताना लाइट गेले असतील नाहीतर पेन ड्राइव्ह मध्येच उपटला असेल. नाव आहे, आत काहीच नाही. इथे कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. फुलस्टॉप.

पुढच्या १४ फायली व्हीएलसीमध्ये झकास वाजल्या. म्हणजे गाणं शाबूत, गडबड टॅगमध्ये. एमपी थ्रीच्या पोटात गाण्याचं नाव, गायक, अल्बम असा मजकूर असतो, तो आयडी थ्री टॅग. तो बहुतेक वेळा फाइलच्या सुरुवातीलाच बसतो आणि आपण किती मोठे आहोत हेही तिथेच लिहून ठेवतो. तो आकडा चुकला, की सॉफ्टवेअर गाणं भलत्याच जागी शोधत बसतं आणि मग नाद सोडतं. त्यात बाबांनी नावं टाइप केली होती युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये, त्यामुळे स्क्रीनवर नुसती चित्रविचित्र चिन्हं. मी एमपी थ्री टॅग नावाच्या प्रोग्रॅममध्ये जुने टॅग सगळे पुसले, नावं युनिकोडमध्ये नव्याने लिहिली आणि १४ च्या १४ लायब्ररीत हजर!

उरल्या १८. नावं एकदम बँक स्टाइल : ‘मंगळवार ०१’, ‘शुक्रवार ०२’. शेपटी डॉट एमपी थ्री. व्हीएलसीमध्ये वाजतायत, टॅग पुसले तरी लायब्ररी ढिम्म. मग मीडियाइन्फो नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये एक फाइल टाकली. हा पठ्ठ्या शेपटी बघत नाही, पोटात काय आहे ते सांगतो. उत्तर आलं, विंडोज मीडिया ऑडिओ. म्हणजे डब्ल्यूएमए!

डॉट एमपी थ्री ही शेपटी फ्राउनहोफरच्या इंजिनीअर मंडळींनी १४ जुलै १९९५ ला ठरवली. पण ती नुसती पाटी. पाटी बदलल्याने दुकानातला माल बदलत नाही.

‘बाबा, या फायलींची नावं तुम्ही बदललीत?’

‘हो. सगळ्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून. तेव्हापासून तो कॉम्प्युटर दर वेळी विचारायचा, शेपटी आणि आतलं जुळत नाही, तरी वाजवू का? मी यस दाबायचो.’

इतकी वर्षं हा माणूस यस दाबत आलाय! मी सगळ्यांची शेपटी पुन्हा डब्ल्यूएमए केली. पण मॅकवरच्या लायब्ररीला डब्ल्यूएमए चालत नाही, म्हणून त्यांच्या एमपी थ्री कॉपी बनवल्या. अशा कन्व्हर्जनमध्ये क्वालिटी थोडी उतरते, त्यामुळे ओरिजिनल फायली जपून ठेवल्या. कॉपी नीट झाली का बघायला हेडफोन लावला आणि ‘शुक्रवार ०२’ सुरू केली.

पेटी. अडखळणारी, तीच जागा पुन्हा पुन्हा चुकणारी पेटी. मग एक वयस्कर आवाज, ‘अहो, बोट उचलू नका. परत.’

२००९ साल. बाबा नुकतेच रिटायर झाले होते आणि पेटी शिकत होते. हे मला माहीत होतं, म्हणजे आईने फोनवर सांगितलं होतं. मी हिंजवडीत, पहिला जॉब, पहिला बोनस. त्यातूनच बाबांना व्हॉइस रेकॉर्डर दिला होता. दिला आणि विसरले. त्यावर ते काय रेकॉर्ड करतात, हे कधी विचारलंच नाही. ते सर आता नाहीत.

तेराव्या मिनिटाला मोबाइल वाजला. पेटी थांबली. बाबांचा आवाज, ‘अगं बोल बाळा! नाही नाही, मोकळाच आहे, बोल.’ मग बराच वेळ नुसतं हं, हं. अधूनमधून ‘जेवलीस का?’ मग सरांचा प्रश्न, ‘मुलगी का?’

‘हो. वेळ मिळाला की करते बिचारी. माफ करा हं सर. परत घेऊ?’

हेडफोन काढला तर बाबा दारात उभे. ‘बसला का मेळ?’

‘३२ मिळाल्या बाबा. ९ गेल्या.’

त्यांनी वहीत ११५५ लिहिलं आणि त्याखाली ‘९ बुडीत’ अशी नोंद केली. मग चष्मा वर करून विचारलं, ‘आता ते यस दाबावं लागणार नाही ना?’

परवा मंगळवारी लंच टाइममध्ये घरी फोन लावला. मागून पेटीचा सूर येत होता, तो माझा आवाज ऐकताच थांबला.

‘बाबा, रियाज चाललाय का?’

‘छे गं, मोकळाच आहे, बोल.’

‘वाजवा आधी,’ म्हटलं. ‘मी लाइनवर आहे.’