सग्वारोंच्या मधून

अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहराच्या उत्तरेला सांता कॅटालिना डोंगर सरळ उभाच राहतो. त्याच्या पायथ्याशी व्हेंटाना कॅन्यनचा माउंटन कोर्स आहे. टॉम फाझिओ यांनी आखलेला हा कोर्स १९८४ साली सुरू झाला. ताई-भावोजी टूसॉनला राहतात, म्हणून मला तिथे खेळायचा योग आला.

पहिल्या टीवर भावोजींनी माझ्या हातात कंगवा दिला. "खिशात ठेव. चोया चिकटली तर हात लावू नकोस."

चोया हे इथलं निवडुंग. त्याचे तुकडे नुसत्या स्पर्शाने सुटून येतात. थोड्याच वेळात लिंबाएवढा एक गोळा माझ्या पोटरीला डसला. काट्यांना बारीक उलटे खवले असतात, त्यामुळे ओढावं तसे ते आणखी रुततात. भावोजींनी कंगव्याचे दात गोळ्याखाली सरकवले आणि एका झटक्यात तो दूर उडवला. मोज्यावर रक्ताचे चार-पाच ठिपके उमटले. खेळ पुढे सुरू.

पुण्यात मी खेळतो तिथे बॉल फेअरवेवरून भरकटला तर झाडाखाली, फार तर उंच गवतात सापडतो. इथे गवत संपलं की लगेच दगड, काटे आणि उन्हाळ्याच्या दिवसांत रॅटलस्नेक. टीसमोर आधी वाळवंटाचा पट्टा, त्यापलीकडे हिरवा तुकडा, पुन्हा वाळवंट, मग ग्रीन. दोन हिरव्या तुकड्यांच्या मधे बॉल टाकायला जागाच नाही. त्यामुळे किती लांब मारता येईल यापेक्षा बॉल कुठे थांबवायचा, हे आधी ठरवावं लागतं.

अशा आखणीमागे पाण्याचा हिशोब आहे. अ‍ॅरिझोनाने १९८० साली भूजलाचा कायदा केला. त्यातून आलेल्या नियमांनी इथल्या नव्या अठरा होलच्या कोर्सना साधारण ९० एकर गवतापुरतंच पाणी मिळू लागलं.  मला हे बंधन मनापासून पटलं. पाणी कमी म्हणून गवत कमी, आणि गवत कमी म्हणून प्रत्येक मारा विचार करून मारायचा. वाळवंटात मैलभर हिरवळ पसरून तिथे केरळ उभं करण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे, आणि खेळ म्हणूनही जास्त रंगतदार.

तिसऱ्या होलची ख्याती मी आधीपासून ऐकून होतो. पार तीन, लांबी जेमतेम १०७ यार्ड, आणि बांधायला खर्च जवळजवळ दहा लाख डॉलर! कातळावरच्या टीवर उभं राहिलं की खर्च कुठे गेला ते कळतं. समोर घळ, तिच्यात सग्वारो नावाचे उंच निवडुंग, आणि पलीकडे खडकांच्या बेचक्यात बसवलेलं छोटंसं ग्रीन. दक्षिणेला सगळी दरी उघडी पडते. नजर थेट मेक्सिकोकडच्या डोंगरांपर्यंत जाते. मी वेज घेतली. बॉल ग्रीनच्या मागच्या कडेला पडला आणि थांबला.

"आता पट सांभाळून," भावोजी म्हणाले. "डोंगराकडे पाठ कर. बॉल शहराकडे ओढला जाणार."

डोळ्यांना चढ दिसत होता. मी त्यांच्या शब्दावर विसंबून कपच्या बराच वर, डोंगराच्या बाजूला नेम धरला, आणि बॉल खरंच शहराकडे वळला. इथे नेहमी खेळणारे सगळे हेच सांगतात.

पुढच्या होल्सवर मी बॉलपेक्षा सग्वारोच जास्त पाहिले. हे झाड फक्त सोनोरा वाळवंटातच उगवतं. पहिल्या आठ-दहा वर्षांत ते इंच-दीड इंचच वाढतं, आणि पहिला हात फुटायला बहुधा पन्नास वर्षं तरी लागतात. सुतारपक्षी त्याच्यात ढोल्या कोरतात. ती जखम झाड आतून कठीण सालीने बुजवून घेतं. पण फेअरवेच्या कडेच्या काही बुंध्यांवर बॉल लागल्याचे गोल वण होते, ते बघवेनात. शंभर वर्षं उभ्या असलेल्या झाडाला असं मारणं मला सहन होईना.

त्यानंतरच्या एका पार पाचवर समोर दोन सग्वारो होते. त्यांच्यामधून बॉल काढला असता तर दुसऱ्याच माऱ्यात ग्रीनजवळ पोचलो असतो. भावोजी काहीच बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मी वूड परत बॅगेत ठेवला, सात नंबरची आयर्न काढली आणि बॉल डावीकडच्या हिरव्या तुकड्यावर टाकला. तिथून ग्रीनला मोकळी वाट होती.