तिकीट लावा

मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात बियाण्यांची दुकानं आहेत, मंगल कार्यालयं आहेत, पोलीसभरतीच्या अकादम्या आहेत. नाटक तेवढं नाही. ते बघायचं तर छत्रपती संभाजीनगर गाठायचं. प्रयोग सुटेपर्यंत मुक्कामी गाडी कधीच निघून गेलेली, म्हणजे तिकिटाच्या दुप्पट लॉजचं भाडं. मग माणूस पेपरातली ‘हाऊसफुल्ल’ची जाहिरात वाचतो आणि बाजारभावाचं पान काढतो.

सांस्कृतिक सभागृह आहे. आमदार निधीतून झालंय. रंगमंचावर नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा कायमचा मांडलेला. मागच्या पडद्यावर प्लॅस्टिकची फुलं आणि थर्माकोलचे दोन मोर, त्यातल्या एकाची मान मोडलेली. वर पत्रे. पाऊस आला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. वाचनालयाचं काय सांगू? कपाटाची चावी ग्रंथपालाकडे आणि ग्रंथपाल शेतावर.

‘सप्ताह असतो की,’ असं कुणीतरी म्हणेलच. असतो, आणि मीही जातो. मृदंगावर थाप पडून टाळकरी लयीत डोलू लागले की माझेही पाय थाऱ्यावर राहत नाहीत. पण कीर्तनकाराला मध्येच थांबवून ‘महाराज, हे काही पटलं नाही’ म्हणता येत नाही. नाटकानंतर बाहेर येऊन चहाच्या गाड्यावर तावातावानं भांडायचं असतं, शेवट असाच का केला म्हणून. तसं भांडायला गावात माणूस नाही. एक होता; त्याची बदली झाली. करमत नाही ते खरं तर यामुळे.

खेड्यातल्या लोकांना नाटक कळत नाही, हे मात्र कुणी सांगू नये. झाडीपट्टी बघा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात धान निघालं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असतात आणि रात्री नाटक. जेवणं उरकून दहा-अकराला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत खेळ चालतो. लेकीजावयांना नाटकासाठी आवतण जातं. नाटक मंडळ्यांचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे एक तालुक्याचंच गाव. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. प्रयोग थोडे भडक असतात, मधूनच गाणी घुसवलेली असतात, असू देत. थंडीत घोंगडी पांघरून बसलेला तो प्रेक्षक स्वतःच्या खिशातून तिकीट काढून आलेला असतो, आणि म्हणूनच नाटक पडलं तर पडलं म्हणायचा हक्क त्याला असतो.

आमच्याकडे तो हक्कच गेला. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला ऑर्केस्ट्रा फुकट, गणपतीत डीजे फुकट, निवडणुकीच्या वर्षात तर लावणीही फुकट. फुकटच्या खुर्चीवर बसलेला माणूस मोबाइल बघतो, सत्काराला टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. पैसे मोजून काही बघायची आमची सवय या उदार मंडळींनी मोडली.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या नाट्यसंस्थांना एवढंच सांगणं : दौऱ्यात एक तारीख आमच्यासारख्या गावासाठी ठेवा. सोफा आम्ही हलवू, मोर उतरवू, मंडळींच्या जेवणाची सोय घरोघर करू. फक्त कुणा पुढाऱ्याच्या ‘सौजन्यानं’ येऊ नका. पन्नास रुपये का होईना, तिकीट लावा.