कातळाशी पंगा? मग कंबर कसा!

शनिवारी सकाळी सात वाजता चांदणी चौकात पाच मिनिटं उभं राहून बघा. पौडच्या दिशेने थार, रॉक्स, जिम्नी यांची वरातच निघालेली असते. टपावर कॅरिअर, पुढे लाइटबार, मागच्या काचेवर सह्याद्रीचा स्टिकर... एकदम झक्कास! आता जरा वाकून दाराच्या खाली बघा. बऱ्याच गाड्यांना तिथे चकचकीत साइड स्टेप लावलेली दिसेल. म्हणजे मार जिथे सगळ्यात आधी बसणार, तिथेच सगळ्यात नाजूक दागिना!

पौडच्या पुढे मुळशीकडे जाताना डांबरी रस्त्याला डाव्या-उजव्या हाताला कच्च्या वाटा फुटतात. यातल्या काही जंगल खात्याच्या हद्दीत जातात, ताम्हिणीकडे तर अभयारण्यच आहे. तिकडे गाडी घालायची नाही म्हणजे नाही. आमचा ग्रुप जातो तो एका शेतकऱ्याच्या माळावर. मालकाला आधी फोन करतो, भातखाचरांपासून लांब राहतो आणि दुपारी त्यांच्याच घरी पिठलं-भाकरी हाणतो. माळ दिसायला साधा आहे. पण त्याच्या कडेने एक ओढा उतरतो आणि त्या ओढ्यात काळ्या कातळाच्या पायऱ्या आहेत.

भूगोलाच्या पुस्तकात 'डेक्कन ट्रॅप' वाचलेलं आठवतंय? त्यातला 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेतल्या जिन्यासाठीच्या शब्दावरून तो आलाय. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले आणि त्यांची झीज होऊन डोंगरांना पायऱ्या पडल्या. ट्रेकला गेल्यावर या पायऱ्या फार छान वाटतात. गाडी घेऊन गेलात की पुस्तकातला सापळाच खरा वाटायला लागतो!

होतं असं, की पुढची चाकं पायरी उतरतात, मागची अजून वरच असतात आणि मधलं पोट टेकतं. किती टोकदार उंचवटा पोट न टेकता पार होईल, ते ब्रेकओव्हर अँगलवरून कळतं. तीन दारांच्या थारचा हा अँगल २७ अंश आहे. २०२३ साली आलेल्या पाच दारी जिम्नीचा २४ आणि २०२४ च्या रॉक्सचा २३.९. रॉक्सच्या दोन चाकांमधलं अंतर थारपेक्षा ४० सेंटीमीटरने जास्त आहे. मागे बसणाऱ्यांची चैन, पण कातळावर पोट टेकायची घाई! त्यात गाडी तिरकी उतरली, की चासीच्याही आधी दाराखालची पत्र्याची पट्टी दगडावर येते. तिला सिल म्हणतात. ती बॉडीचाच भाग असते. एकदा चेपली की सरळ करायला डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे आठवडाभर मुक्काम.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्यातल्या एका मित्राची गाडी याच ओढ्यात तिसऱ्या पायरीवर बसली. साइड स्टेप वाकून वर गेली आणि तिने सिल आत ढकलली. ड्रायव्हरचं दार उघडेना! पठ्ठ्या पलीकडच्या दारातून उतरला आणि तसाच रोज पलीकडून चढत-उतरत चार दिवस हिंजवडीला ऑफिसला गेला. साइड स्टेपचा यात काही गुन्हा नाही. ती माणसाचं वजन पेलायला बनवलेली असते, दीड-दोन टनांच्या गाडीचं नव्हे.

हे काम रॉक स्लायडरचं. दिसायला तोही पायरीसारखाच, पण तो बॉडीला न लागता चासीला घट्ट बसतो. गाडी दगडावर आली की तिचं वजन त्याने पेलायचं आणि घसरगुंडीसारखं पुढे सरकू द्यायचं. थारसारख्या गाड्यांना खाली शिडीसारखी स्वतंत्र चासी असते, म्हणून त्यांना तो शोभतो. तुमच्या सोसायटीतल्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीला अशी चासीच नसते. तिला स्लायडर लावायचा म्हणजे जीन्सवर फेटा बांधण्यासारखं आहे.

स्लायडर घ्यायचं मी ठरवलं आणि घरात पहिला आक्षेप आला तो आईचा. तिचं वय ६८, दोन्ही गुडघे तक्रारखोर. थारमध्ये चढताना ती दर वेळी म्हणते, "अरे, ही गाडी आहे की आंब्याचं झाड?" तिच्यासाठीच मी शोरूममधून साइड स्टेप बसवून घेतली होती. आता ती काढून स्लायडर लावायचा, तर तो वर, सिलला चिकटून बसणार. दगडासाठी ते उत्तम, कारण पोटाखालची जागा कमी होत नाही. आईसाठी मात्र पायरी गायब! मी म्हटलं, डिकीत प्लास्टिकचं स्टूल ठेवू. त्यावर तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की बास. "कार्यालयाच्या दारात, सगळ्या वऱ्हाडासमोर मी स्टूल मांडून उतरू?" विषय संपला. आमच्या घरी गाडी एकच आहे. शनिवारी ती ओढ्यात असते, रविवारी लग्नाला. दोन्हीकडे चालेल असाच स्लायडर शोधणं भाग होतं.

ऑनलाइन तयार जोड्या मिळतात. फोटोत सगळ्याच दणकट दिसतात. पण एकीच्या खालचे ब्रॅकेट इतके बारीक होते, की मला देवघरातली फळी आठवली. दुसरी चांगली होती, पण किंमत माझ्या महिन्याच्या ईएमआयपेक्षा जास्त आणि कोन आईला न झेपणारा. मग भोसरी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटर काकांकडे गेलो. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "काका, दीड इंची पाइप लावा." काका हसले. "साहेब, इंच सोडा, जाडी सांगा."

हा धडा लाखमोलाचा आहे. आपल्याकडे 'दीड इंची' म्हणून मिळणाऱ्या पाण्याच्या पाइपचा बाहेरचा व्यास दीड इंच नसतोच, तो ४८.३ मिलिमीटर असतो. शिवाय तोच पाइप हलका, मध्यम आणि भारी अशा तीन जाडींत येतो. मध्यम म्हणजे ३.२ मिलिमीटर, भारी म्हणजे ४. वजन काढायचा काकांचा हिशेब तोंडपाठ होता : व्यासातून जाडी वजा करा, उत्तराला जाडीने गुणा, मग ०.०२४६६ ने. मध्यम पाइप मीटरला साडेतीन किलोच्या वर जातो, भारी पाइप ४.३७ किलो. थारला एका बाजूला दोन पाइप, प्रत्येकी दीड मीटर. म्हणजे दोन्ही बाजू मिळून सहा मीटर. मध्यममध्ये एकवीस किलो, भारीमध्ये सव्वीस. वर पाय आणि प्लेटा वेगळ्या. फरक फक्त पाच किलोचा निघाला. डोळे झाकून भारी!

स्लायडरचे पाय कुठे आणि कसे बसतात, हे पाइपापेक्षाही महत्त्वाचं. चासीला वेल्डिंग करायचं नाही, नवीन भोकं पाडायची नाहीत, ही माझी अट. काकांनी चासीवर आधीच असलेली भोकं शोधली, आठ मिलिमीटरच्या प्लेटा कापल्या आणि ब्रेकच्या, डिझेलच्या नळ्या मध्ये येत नाहीत ना, हे हात घालून तपासलं. प्रत्येक बाजूला तीन पाय, मुळाशी तिकोनी टेकू. पाइप आणि सिलच्या मध्ये त्यांनी दोन बोटं जागा ठेवली. कारण बॉडी चासीवर रबराच्या गुटक्यांवर बसलेली असते आणि दोघी आपापल्या परीने हलतात. चिकटवून बसवलं तर स्लायडरच सिलला चेपणार!

आणि कोन? मला वीस अंश वर हवा होता, आईला सपाट. दहावर तह झाला. दोन पाइपांच्या मध्ये काकांनी लोखंडी जाळी बसवली. पत्रा टाकला असता तर चिखल साचून आईचा पाय घसरला असता. जाळीतून चिखल खाली पडतो आणि चपलेला पकडही मिळते. मागच्या टोकाला पाइप थोडा बाहेर वळवून घेतला. वळताना मागची बाजू झाडाला किंवा धोंड्याला घासायला लागली, की हा वळसा गाडीला अलगद बाजूला ढकलतो. पण गाडीच्या मूळ रुंदीच्या बाहेर तो जाऊ द्यायचा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. गाडीत परस्पर फेरफार करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. मी इन्शुरन्सवाल्यांना आधी ईमेल टाकला आणि उत्तर जपून ठेवलंय. तुम्हीही विचारा, आळस करू नका.

रंगाच्या बाबतीत मी काकांचं ऐकलं. पावडर कोटिंग शोरूममध्ये भारी दिसतं, पण कातळाने एकदा सोललं की गंज त्याच्या खालून पसरतो आणि पॅच मारता येत नाही. प्रायमर आणि साधा काळा ऑइलपेंट बरा. ओरखडा पडला की ब्रश घ्या, चाळीत खिडकी रंगवतात तसं रंगवा. पाइपाची टोकं बंद करून खाली पाणी निथळायला एक छोटं भोकही ठेवा. कोकणात वरचेवर जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

गाडी बाहेर काढायच्या आधी काकांनी एक परीक्षा घेतली. स्लायडरच्या मध्यावर जॅक लावून अख्खी बाजू उचलली आणि मला म्हणाले, "आता दार उघडा." उघडलं. बंद केलं. आवाजात फरक नाही. तुमच्या फॅब्रिकेटरकडून ही परीक्षा करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, बॉस!

पुढच्या शनिवारी ओढ्याच्या त्याच तिसऱ्या पायरीवर माझी उजवी बाजू टेकली. खर्रर्र असा दात आंबवणारा आवाज आला, गाडी हातभर सरकली आणि चाकाने खालचा दगड पकडला. मी उतरून बघितलं. तळाचा रंग वीतभर खरवडला होता. सिल जशीच्या तशी होती. रविवारी आईला घेऊन सिंहगड रोडवर मुंजीला गेलो. पैठणी सावरत तिने जाळीवर पाय दिला, दाराला धरलं आणि चढली. एकदा जराशी अडखळली, कारण पायरी आधीपेक्षा चार बोटं वर आहे. तेवढ्यासाठी दाराच्या वर आतून एक पकडायचा पट्टा लावायचं ठरलंय.

आणि हो, पहिल्या ट्रिपनंतर सगळे नट पुन्हा आवळून घ्या. माझ्या सहा पायांपैकी दोघांचे नट अर्धा फेरा फिरले. काकांनी त्याचे पैसे घेतले नाहीत, फक्त दोन कटिंग मागवायला सांगितले.