रिकामी चढाई

शालेय जिल्हास्तरीय स्पर्धेत ज्या पोऱ्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडतात, त्याचं नाव माझ्या वहीत बहुतेक वेळा खालच्या ओळीत असतं. एका चढाईत तिघांना बाद करून तो मध्यरेषेवर लोळण घेतो आणि टेबलामागे बसलेले पाहुणे, पालक, आमचेच शिक्षक एका सुरात म्हणतात, "सर, हा टीव्हीवर दिसणार!" दिसेलही. पण तालुक्यात तिघांना बाद करणं हा एक खेळ आहे आणि प्रो कबड्डीच्या मॅटवर एकाला शिवून परत येणं हा दुसरा. निवड समितीवर बसणाऱ्याला पहिला पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा असतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात क्रीडाशिक्षकाच्या वाट्याला हे काम न मागता येतं. मी ते बरीच वर्षं करतो आहे.

टाळ्या का फसवतात, तर समोरचा बचाव कच्चा असतो. आमच्याकडच्या स्पर्धांत साखळी धरून पकड करणारे संघ फार थोडे. बाकीच्यांत ज्याला चढाईपटू जवळ दिसला तो एकटाच झेपावतो आणि बाहेरून गावकरी "धर त्याले, धर त्याले!" म्हणून ओरडतात. अशा बचावातून लांब टांगांचा, चपळ पोरगा सुरीसारखा निघून जातो. त्यात त्याचं कौतुक आहेच, पण समोरच्यांचा वाटाही मोठा आहे. नाशिक विभागाच्या स्पर्धेत हाच पोऱ्या पोचतो आणि डाव्या कोपऱ्यावरचा एक शांत मुलगा त्याचा घोटा असा पकडतो की पुढच्या तीन चढायांत तो निदानरेषेच्या फार पलीकडे जायलाच धजत नाही.

दुसरं फसवणारं माप वयाचं. माझ्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली. आता जन्मदाखले निघतात, तरी सातपुड्याच्या पाड्यांवर घरी झालेलं बाळंतपण आणि उशिरा घातलेलं नाव यांत वर्ष-दोन वर्षं इकडची तिकडे होतातच. कोणी लबाडी केली असं नाही. पण चौदा वर्षांखालच्या गटात मिसरूड फुटलेला गडी उतरला की तो त्या दिवसाचा राजा होतो, आणि एकोणीसच्या गटात बाकीच्यांची उंची वाढल्यावर त्याचं राज्य जातं. म्हणून चौदाच्या गटातले गुण मी वाचतो, मोजत नाही.

आमच्या जिल्ह्यात परीक्षेची खरी विद्या सारंगखेड्याला बघावी. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर माहीत आहे. व्यापारी दात उघडून वय सांगतात, भोवरे मोजतात, गळ्यावरचं देवमण दाखवतात, पंचकल्याणी म्हणून हजारांनी भाव वाढवतात. जाणता गिऱ्हाईक सगळ्याला मान डोलावतो आणि म्हणतो, "चालवून दाखवा." घोडा उधळत सुटतो तेव्हा तो चहा पितो. घोडा वळतो तेव्हा मात्र बघतो.

मी बघतो ती रिकामी चढाई.

रिकाम्या चढाईत पोऱ्याला गुण मिळत नाही आणि तो बादही होत नाही. निदानरेषा ओलांडायची, तीस सेकंदांच्या आत परत यायचं. गुणलेखक शून्य मांडतो, प्रेक्षक मोबाइल काढतात. बहुतेक पोरं ही चढाई नाइलाजाने करतात: एक पाय रेषेपलीकडे टेकवला की आले माघारी. एखादाच त्या तीस सेकंदांत काम करतो. साती जणांकडे बघतो, कोणाचा गुडघा आधीच वाकलाय, कोणत्या दोघांच्या हातातली साखळी सैल आहे, मध्यरक्षक कोणाकडे बघून पाऊल टाकतो हे टिपतो. परत आल्यावर कर्णधाराशी दोन शब्द बोलतो.

धडगावच्या बाजूच्या एका आश्रमशाळेतला असाच एक पोऱ्या. अंगाने सुकडा, बूट मागून आणलेले. पहिल्या चढाईत तो डाव्या कोपऱ्यापाशी गेला, उजवा पाय पुढे केला, काढून घेतला, आला परत. दुसऱ्या चढाईत पुन्हा तेच. त्याचेच सवंगडी वैतागून ओरडायला लागले. तिसऱ्यांदा पाय पुढे केला, कोपरा घोट्यासाठी वाकला, त्याच क्षणी पाय मागे आणि हात वाकलेल्याच्या पाठीवर. सामन्यात त्याचे गुण फार झाले नाहीत. नंतर त्याला विचारलं, "पहिल्या दोन वेळा काय चाललं होतं तुझं?" तो म्हणाला, "तो कधी वाकतो ते बघत होतो, सर." मी त्याचं नाव पहिल्या ओळीत लिहिलं. समितीतल्या एका सहकाऱ्याचा त्यावर राग होता. आकडे बघितले तर त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

मातीच्या मैदानावर आणखी एक गोष्ट दिसते. सराव संपला की पाणी मारायच्या आधी मी निदानरेषेजवळ जाऊन पावलं बघतो. ज्याच्या चवड्याचा ठसा खोल आणि टाचेचा नुसताच पुसट, तो हात टाकतानाही परतायच्या तयारीत होता. टाच रुतलेली दिसली की समजायचं, गड्याने सगळा भार पुढच्या पायावर टाकला होता. जाणत्या कोपऱ्यासमोर तो तिथेच सापडेल. मॅटवर ही सोय नाही. मॅट काही लिहून ठेवत नाही.

अमेरिकेत पोरं पारखायची ही चिंता फार मोठ्या पैशांत करतात. त्यांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हातात चेंडू घेऊन खेळतात त्यात, क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. समोरचे अंगावर धावून येत असताना दोन-तीन सेकंदांत कोणाकडे चेंडू फेकायचा ते तो ठरवतो. महाविद्यालयातले असे खेळाडू व्यावसायिक संघ दरवर्षी निवडतात. त्याआधी त्यांची चाळीस यार्डांची धाव मोजतात, उडी मोजतात, पंजासुद्धा मोजतात. १९९८ साली पहिला निवडला गेला पेटन मॅनिंग आणि दुसरा रायन लीफ. दोघांत उजवा कोण यावर तेव्हा खल चालला होता. मॅनिंग त्या खेळातल्या थोरांपैकी एक झाला, लीफ काही वर्षांत संपला. २००० साली टॉम ब्रेडी हा १९९वा निवडला गेला आणि त्याने पुढे सात वेळा सुपर बोल जिंकला. कारण बरंचसं आपल्यासारखंच आहे. महाविद्यालयात चेंडू झेलणारा मोकळा उभा दिसतो. वरच्या पातळीवर तो मोकळा होणार आहे हे आधी ओळखावं लागतं. घड्याळाला ते मोजता येत नाही.

आपल्याकडची उदाहरणं याहून बोलकी आहेत. प्रदीप नरवाल २०१५ साली प्रो कबड्डीच्या दुसऱ्या हंगामात बंगळुरू बुल्सकडे होता आणि त्याला फारसं खेळायलाच मिळालं नाही. पुढच्या हंगामात पाटणा पायरेट्सने त्याला घेतलं, आणि पाटण्याने सलग तीन विजेतेपदं मारली. पाचव्या हंगामात एकट्या प्रदीपचे चढाईचे ३६९ गुण होते. त्याच पाचव्या हंगामात पवन सेहरावत गुजरातच्या बाकावर बसून होता. सहाव्यात तो बंगळुरूकडे परतला आणि ५ जानेवारी २०१९च्या अंतिम सामन्यात त्याने २२ गुण घेतले. समोर संघ होता गुजरातचा! दोन हंगामांत माणूस तोच, पायही तेच. मग पारखणाऱ्याने नेमकं काय पारखायचं होतं? माझं मत असं की पोऱ्या चालेल की नाही हा प्रश्न अर्धाच आहे. कोणाच्या हाताखाली, कोणत्या जागेवर, किती दिवस चुकायची मुभा मिळाल्यावर चालेल, हे दुसरं अर्ध, आणि ते पोऱ्याच्या अंगावर कुठेच लिहिलेलं नसतं. पुणेरी पलटणने अस्लम इनामदारला कोवळ्या वयात आपल्या युवा संघातून वाढवलं; १ मार्च २०२४ला त्याच्याच नेतृत्वाखाली पलटणने हरयाणाला हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. पलटणची नजर चांगली होती, पण तिला धीराची जोड होती.

आणि शरीर कोणाच्या हातात असतं? चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईने २०१८ साली यू मुंबाकडून पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेच्या वर गुण मिळवले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १.४५ कोटी लावले. मग खांदा दुखावला आणि आठव्या हंगामात तो जेमतेम काही सामने खेळून बाहेर बसला. हे कोणत्या वहीत आधी लिहिता आलं असतं?

आमच्याकडे तर वहीत आधी दुखण्याचा आणि भाकरीचा रकाना हवा. पोऱ्या दुसऱ्या सत्रात गळतो म्हणून त्याला आळशी ठरवणारे प्रशिक्षक मी पाहिलेत. मी आधी त्याची सिकलसेलची तपासणी झाली का ते विचारतो. आमच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घरोघर माहीत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात, आणि अंगातलं पाणी कमी झालं, श्रम अति झाले की दुखणं उसळतं. नुसता वाहक असेल तर साधारण खेळू शकतो, रुग्ण असेल तर त्याला चढायांवर चढाया घालायला लावणं म्हणजे अपराध. हे न बघता कोणी 'दम नाही' असा शेरा मारला की मला राग येतो.

त्यानंतर येते दिवाळी. शाळेच्या स्पर्धा रंगात आलेल्या असतात आणि बारडोलीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांच्या गाड्या भरायला लागतात. त्या सुकड्या पोऱ्याचे वडील मला भेटायला आले ते याच सुमारास. दारातच उभे राहिले. म्हणाले, "सर, सरळ सांगा. हा टीव्हीत दिसणार असेल तर ठेवतो इथं. नसेल तर कोयत्याला एक हात वाढेल."

प्रश्न वाजवी होता. टीव्हीचं वचन देणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "दादा, टीव्हीचं सोडा. २०१४ला लीग आली, त्याआधी कबड्डीत मोठं होणं म्हणजे रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम, महिंद्रा असल्या संघांत शिरणं. नोकरी मिळायची, खेळही चालू राहायचा. तो रस्ता आजही आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत. संघ राज्य स्पर्धेत पहिल्या तिघांत आला पाहिजे, प्रमाणपत्राची पडताळणी झाली पाहिजे, आणि पोऱ्या बारावी झाला पाहिजे. पुढची दोन वर्षं त्याला इथून हलवू नका."

"म्हणजे पोलिसात?"

"लागू शकतो."

त्यांनी थोडा विचार केला. "ते टीव्हीपेक्षा बरं," म्हणाले, आणि आजीकडे ठेवायचं कबूल करून गेले.

पोऱ्या सगळं ऐकत मागे उभा होता. त्याला ते अजिबात पटलं नव्हतं. त्याला पवन सेहरावत व्हायचंय.