पायऱ्या न चढता दिल्लीदर्शन

दिल्ली पाहायला निघालेल्या कुटुंबात एक वाक्य हमखास ऐकू येते : "तुम्ही पाहून या, मी गाडीतच बसते." आजी ते हसत म्हणतात, आजोबा वर्तमानपत्र उघडता उघडता म्हणतात आणि घरची मंडळी त्यांना दमणूक झाली असे समजून पुढे निघतात. प्रत्यक्षात त्या वाक्यात दमणूक थोडीच असते. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल हा संकोच, स्वच्छतागृह कोठे असेल ही विवंचना आणि पायऱ्या दिसताच गुडघ्यांत उतरणारी धास्ती त्यात दडलेली असते. आयुष्यभर शाळेच्या पुस्तकात वाचलेली दिल्ली अशी गाडीच्या काचेतून पाहून परतावे लागणे, हे दुःख लहान नाही.

सहलीच्या बसमधून एका दिवसात सात-आठ स्थळे दाखवतात. प्रत्येक स्थळी अर्धा तास मिळतो आणि त्यातील निम्मा वेळ उतरण्या-चढण्यातच जातो. त्याऐवजी कुटुंबापुरती एक गाडी आणि एक मार्गदर्शक घेतला, तर खर्च निश्चित वाढतो. मात्र त्या पैशांत आपण दिवसाचा वेग विकत घेतो. आज किती पाहायचे, कोठे बसायचे आणि कोठून परत फिरायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्येष्ठांच्या हाती येतो. दिल्लीसारख्या विस्तीर्ण शहरात ह्या अधिकाराचे मोल फार मोठे आहे.

ऋतू, गाडी आणि मार्गदर्शक

दिल्लीसाठी ज्येष्ठांनी फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर हा काळ निवडावा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत तेथील हवा अनेकदा अत्यंत दूषित असते. दमा, फुप्फुसांचे जुने विकार किंवा हृदयविकार असलेल्यांनी त्या दिवसांत जाणे टाळलेलेच बरे. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके आणि बोचरी थंडी असते, तर एप्रिलपासून ऊन असह्य होऊ लागते. मुंबई-पुण्याहून रात्रभराचा प्रवास करून पोहोचलेल्या दिवशी दर्शनाला निघू नये. तो दिवस विश्रांतीचा ठेवावा.

गाडी ठरवताना आसनाची उंची पाहावी. फार खोल आसनातून उठताना गुडघ्यांवर ताण येतो आणि फार उंच गाडीत चढताना तोल जातो. गाडी उंचच मिळाली, तर एक लहानसे भक्कम स्टूल बरोबर ठेवावे. बराच वेळ बसून राहिल्यावर एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. म्हणून दार उघडल्यावर पाय बाहेर टेकवून मिनिटभर बसावे, पावले वरखाली हलवावीत आणि मग उठावे.

मार्गदर्शक पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेला घ्यावा. त्याचे ओळखपत्र पाहावे आणि मानधन आधीच ठरवावे. खरेदीच्या दुकानांत नेऊ नये, हेही तेव्हाच स्पष्ट सांगावे. त्याहून महत्त्वाच्या सूचना तीन. पहिली, प्रत्येक ठिकाणी पोहोचताच त्याने स्वच्छतागृह कोठे आहे ते दाखवावे. दुसरी, ज्येष्ठ मंडळी सावलीत बसल्यावरच त्याने माहिती सांगायला सुरुवात करावी, चालता चालता सांगू नये. तिसरी, ऐकू कमी येत असेल, तर त्याने समोर उभे राहून सावकाश बोलावे. चांगला मार्गदर्शक ह्या सूचनांनी दुखावत नाही, उलट त्याचे काम सोपे होते.

सकाळ : कुतुब

एका दिवसाला तीन स्थळे पुरेशी आहेत : कुतुब मिनार, जुना किल्ला आणि हुमायूनची कबर. ह्या क्रमाने गेल्यास दक्षिणेकडून वर येत येत सुमारे सात शतकांची दिल्ली कालक्रमाने उलगडते.

कुतुब परिसर सूर्योदयानंतर लवकरच गाठावा, म्हणजे ऊन आणि गर्दी दोन्ही टळतात. व्हीलचेअर लागणार असल्यास तिची सोय मार्गदर्शकाकडून आदल्या दिवशीच विचारून घ्यावी, किंवा घडीची खुर्ची आपलीच न्यावी. बाराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबुद्दीन ऐबकाने ह्या मिनाराचे काम सुरू केले आणि वरचे मजले इल्तुतमिशने चढवले. पुढे वीज पडून नुकसान झाल्यावर फिरोजशाह तुघलकाने त्याची दुरुस्ती केली. सुमारे 73 मीटर उंचीच्या ह्या मिनारात 379 पायऱ्या आहेत. 1981 साली आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन अनेकांचे प्राण गेले. तेव्हापासून मिनाराचा जिना सर्वांसाठी बंद आहे. त्यामुळे पंचविशीतील नातू आणि ऐंशीतील आजोबा, दोघेही येथे पायथ्याशीच उभे राहून मान वर करतात. कोणालाच काही कमी पडत नाही. मानेचा त्रास असलेल्यांनी मात्र अगदी पायथ्याशी उभे न राहता दूरच्या ओट्यावर बसून मिनार पाहावा. मान ताणावी लागत नाही आणि पाचही मजले एका नजरेत मावतात.

शेजारच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीचे खांब सावकाश पाहण्याजोगे आहेत. सत्तावीस मंदिरांचे अवशेष वापरून ही मशीद उभारल्याचे तिच्यावरील शिलालेखातच नोंदले आहे. खांबांवर कोरलेल्या साखळ्या, घंटा आणि पूर्णघट खुर्चीत बसलेल्या माणसाच्याही सहज नजरेत येतात. अंगणातला लोहस्तंभ सोळाशे वर्षांचा, सात मीटरांहून उंच आणि सहा टनांहून जड आहे. त्याच्यावरील संस्कृत लेखात 'चंद्र' नावाच्या राजाची कीर्ती आहे. हा राजा म्हणजे गुप्त घराण्यातील दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आणि स्तंभ गंजापासून वाचला. जवळच अलाउद्दीन खिलजीचा अर्धवट मिनार आहे. कुतुबाच्या दुप्पट उंचीचा मिनार बांधायचा त्याचा बेत पहिल्या मजल्यावरच थांबला.

दुपार : पाणी, औषधे आणि विसावा

अकरा-साडेअकराला ऊन चढू लागले की निवासस्थानी किंवा एखाद्या शांत भोजनगृहात परतावे. ठरलेल्या वेळी जेवावे, तासभर आडवे व्हावे, पाय उशीवर ठेवावेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचे जेवण प्रवासात लांबले, तर रक्तातील साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, घाबरेपणा, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी लगेच देता यावे म्हणून साखर किंवा ग्लुकोज गाडीच्या डिकीत न ठेवता हातातल्या पिशवीत असावे.

आणखी एका सवयीबद्दल मोकळेपणाने बोलले पाहिजे. स्वच्छतागृहाच्या भीतीने अनेक ज्येष्ठ स्त्रिया प्रवासात पाणीच पीत नाहीत, तर काही जण लघवी होण्याची गोळी परस्पर चुकवतात. पाणी कमी पडल्याने चक्कर, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि कधी कधी अचानक होणारा मानसिक गोंधळ उद्भवतो. गोळी चुकवल्याने धाप लागू शकते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि घोट घोट पाणी घेत राहावे. पाण्यावर डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल, तर ती प्रवासातही पाळावी. सुनेने किंवा मुलाने "पाणी प्या" असे दहा वेळा सांगण्यापेक्षा "स्वच्छतागृह इथून वीस पावलांवर आहे" असे एकदा सांगितले, तर पाणी आपोआप प्यायले जाते.

तिसरा प्रहर : बादशहा जेथे घसरला

जुना किल्ला हुमायून आणि शेरशाह सूरी ह्या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या हातून सोळाव्या शतकात घडला. आत शेर मंडल नावाची लाल दगडाची, अष्टकोनी, दुमजली वास्तू आहे. राज्य परत मिळवल्यानंतर हुमायूनने तेथे आपला ग्रंथसंग्रह ठेवला होता, असे मानतात. जानेवारी 1556 मध्ये एका सायंकाळी तो तेथील जिना उतरत असताना अजान ऐकू आली. आदराने गुडघे टेकण्यासाठी तो थांबला, पाय झग्यात अडकला आणि तो पायऱ्यांवरून कोसळला. डोक्याला झालेल्या दुखापतीने काही दिवसांतच त्याचा अंत झाला. तेव्हा त्याचे वय अवघे 47 होते.

ही वास्तू बाहेरूनच, समोर बसून पाहावी. आपल्या पाक्षिकात घरातील पडण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु त्या विषयाचा याहून बोलका दाखला सापडणे कठीण. लढायांतून आणि वनवासातून जिवंत परतलेल्या बादशहाला पायघोळ वस्त्र आणि एक पायरी पुरली. म्हणून प्रवासात साडी, धोतर किंवा सलवार घोट्याच्या वर राहील अशी नेसावी. चप्पल मागून पट्ट्याची असावी. जिन्यावर एक हात कठड्याला असावा आणि कोणी हाक मारली तर आधी थांबावे, मग मान वळवावी. जिना उतरणे चढण्याइतकेच, किंबहुना अधिक जोखमीचे असते, हे आधार देणाऱ्यांनी विसरू नये. उतरताना त्यांनी ज्येष्ठांच्या एक पायरी पुढे राहावे.

सायंकाळ : बागेतली कबर

जुन्या किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर हुमायूनची कबर आहे. त्याची बेगम हाजी बेगम हिच्या पुढाकाराने आणि मीरक मिर्झा घियास ह्या वास्तुकाराच्या आराखड्याप्रमाणे ही वास्तू 1570 च्या सुमारास पूर्ण झाली. लाल दगड, पांढरा संगमरवर आणि पाण्याच्या पाटांनी चार भागांत विभागलेली बाग, हा मेळ भारतात ह्या भव्यतेने प्रथम येथे जुळला. पुढे ताजमहालाने तो परमोत्कर्षाला नेला.

प्रवेशद्वारापासून कबरीपर्यंत चालणे बरेच आहे आणि मधल्या दरवाज्यांशी काही पायऱ्या लागतात. उतरणीची वाट कोठे आहे, हे मार्गदर्शकाला आधी विचारावे. कबर ज्या चौथऱ्यावर उभी आहे, त्याच्या पायऱ्या उंच आणि खड्या आहेत. ज्यांना त्या झेपणार नाहीत, त्यांनी मुळीच खंत करू नये. वरून बाग दिसते, पण वास्तू पूर्ण दिसत नाही. घुमट, कमानी आणि चौथरा यांचा तोल बागेतूनच कळतो. मावळतीच्या उन्हात लाल दगड उजळतो, तेव्हा तासभर एका बाकावर बसून राहणे हेच खरे दर्शन. 2024 साली आवारालगत जमिनीखाली बांधलेले संग्रहालय खुले झाले आहे. ऊन फार असेल, तर आधी तेथे वेळ घालवता येतो.

येथे बसल्यावर आणखी एक वृद्ध आठवावा. सप्टेंबर 1857 मध्ये इंग्रजांनी दिल्ली जिंकल्यावर शेवटचा मोगल बादशहा बहादूरशाह जफर ह्याने आपल्या पूर्वजाच्या ह्याच कबरीचा आसरा घेतला आणि येथेच तो शरण गेला. तेव्हा तो 81 वर्षांचा होता. त्या वयात त्याला रंगूनला पाठवण्यात आले आणि 1862 साली तेथेच तो निवर्तला. म्हातारपणी आपले शहर सुटणे म्हणजे काय, हे मुलाच्या नोकरीपायी गाव सोडून आलेल्या आजी-आजोबांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. अशी कथा ऐकून त्यांना स्वतःचे काही सांगावेसे वाटले, तर मार्गदर्शकाला क्षणभर थांबवावे आणि त्यांचे ऐकावे.

शक्ती उरली तर दुसरा दिवस

लाल किल्ला आणि जामा मशीद दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावी. किल्ला सोमवारी बंद असतो आणि आत चालणे पुष्कळ असते. मराठी माणसाचे पाय मात्र दिवाण-ए-खासकडे वळतातच. पानिपतापूर्वी, 1760 मध्ये, सैन्याच्या खर्चासाठी सदाशिवरावभाऊंनी तेथील चांदीचे छत उतरवले होते. जामा मशिदीला तिन्ही बाजूंनी तीसहून अधिक पायऱ्या आहेत आणि आत अनवाणी जावे लागते. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झालेल्यांना तापलेल्या फरशीचा चटका जाणवत नाही आणि फोड मागाहून दिसतात. जाड पायमोजे घालावेत, दुपार टाळावी आणि रात्री तळवे नीट तपासावेत.

प्रवासात छातीत दुखणे, बसूनही न थांबणारी धाप, एका बाजूची शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे, ह्यांपैकी काहीही झाल्यास दर्शन तेथेच थांबवून 112 ह्या क्रमांकावर मदत मागवावी. औषधांची यादी आणि आजारांची चिठ्ठी खिशातच असू द्यावी.

सोबत जाणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते : सकाळी निघताना दिवसाचा बेत ज्येष्ठांना विचारून ठरवा आणि दुपारी तो बदलण्याची मुभा त्यांनाच द्या. तीनांपैकी दोनच स्थळे झाली, तरी चालेल. आठवडाभराने शेजाऱ्यांना दिल्लीची हकीकत त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली, तर तो दिवस सार्थकी लागला असे समजावे.