पाणचक्की ते समृद्धी

फज्रची नमाज आटोपून भाईजानने गाडी काढली. आमचं घर पाणचक्कीपासून हाकेच्या अंतरावर. दिल्ली दरवाजा, हर्सूल मागे टाकून सावंगीला समृद्धी महामार्गावर चढलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. नागपूर अजून सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढे. आजारपणानंतरचं भाईजानचं हे पहिलंच लांबचं भाडं, म्हणून अम्मीने मला सोबत धाडलं होतं. तिथून परतीची सवारी घ्यायची होती.

बावीस वर्षं भाईजान छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आमच्या औरंगाबादेत, टॅक्सी चालवतात. पूर्वी बहुतेक भाडी वेरूळ, खुलताबाद, दौलताबादची. तासभर चालवायचं, मग पाहुणे लेणी पाहून येईपर्यंत झाडाखाली उभं राहायचं, चहा प्यायचा, चार ड्रायव्हरांशी बोलायचं. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि लांबची भाडी वाढली. पैसा बरा मिळू लागला. लघवीला थांबावं लागू नये म्हणून भाईजान पाणीच कमी पिऊ लागले, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मागच्या ईदनंतर त्यांची डावी पोटरी सुजली. लचक भरली असेल म्हणून अम्मीने तेल कोमट करून पाय चोळायला घेतला. दोन दिवस चोळला. सूज उतरेना तेव्हा भाभी हट्टाने दवाखान्यात घेऊन गेल्या. सोनोग्राफीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "पाय कुणी चोळला तर नाही ना?" अम्मीची मान खाली गेली.

माणूस चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू शिरांना पिळून रक्त वर हृदयाकडे ढकलतात. पाय वाकवून तासन् तास बसलं की हे काम मंदावतं. शरीरात पाणी कमी असेल तर धोका आणखी वाढतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. म्हणून एकच पाय सुजला, गरम लागला, दुखू लागला तर चोळू नये, दवाखाना गाठावा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नये. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं, आमच्या घरात नव्हतं.

डावाच पाय का, हा प्रश्न मला पडला. भाईजान म्हणाले, "जुन्या रस्त्यावर क्लच दाबून दाबून डावा पाय भरून यायचा. इथे त्याला कामच नाही."

बसून काम करणं हृदयालाही भोवतं. 1953 मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. बस तीच, धूर तोच. पण बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, जिने चढणाऱ्या कंडक्टरांना कमी.

जालना मागे पडलं. सिंदखेडराजाच्या आसपास भाईजान गप्प झाले. 1 जुलै 2023 च्या रात्री इथेच खासगी बस पेटून 25 जण गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मध्यरात्रीनंतर, सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारी मिनी बस वैजापूरजवळ ट्रकवर आदळली, 12 जण गेले. त्या अपघातांची कारणं काहीही असोत, रात्रीचा सरळ रस्ता डोळ्यांवर झापड आणतो हे भाईजान स्वतःच कबूल करतात. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचं भान रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसासारखं होतं, असं संशोधन आहे. आपल्या कायद्याची मर्यादा 0.03 टक्के! दारूला कधी हात न लावलेला माणूस पहाटे पाचला उठून रात्री दहाला चाक धरतो, तेव्हा त्याची ही गत असते.

2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला 8 तास काम आणि सलग 5 तासांपूर्वी किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. पण तो पगारी कामगारांसाठी होता. स्वतःची गाडी चालवणाऱ्याला कोण थांबवणार?

आमच्या गल्लीशेजारची पाणचक्की 1744 ची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ, डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर ती फिरायची आणि आल्यागेल्या मुसाफिरांसाठी, फकिरांसाठी पीठ दळायची. जुना रस्ता मुसाफिराला बसवून घ्यायचा. नवा रस्ता त्याला बसूच देत नाही, आणि कडेला कुठेही गाडी उभी करणं तर मृत्यूला बोलावणंच. म्हणून आम्ही पेट्रोल पंप पाहूनच थांबत होतो, दर दीड-दोन तासांनी. भाईजान उतरत, टाचा वर-खाली करत, गाडीभोवती चार फेऱ्या मारत. सुरुवातीला त्यांना लाज वाटली. कारंजाच्या पुढे एका पंपावर शेजारचा ट्रक ड्रायव्हर हसला, मग तोही खाली उतरून चालू लागला. जोहर तिथेच पढली, मुसाफिराची, दोन रकात.

पूर्वीपेक्षा बराच उशीर करून नागपूरला पोहोचलो. अम्मीचा फोन आला.

"किती वेळा उतरलात?"

"चार वेळा," मी म्हणालो.

"आणि पाणी?"

भाईजाननी मागच्या सीटवरच्या रिकाम्या बाटल्या मोजायला सुरुवात केली.